जुना मोबाइल कोणाच्या हाती?

सकाळची घाई ओसरली की शहरांच्या उपनगरांतून आणि तालुक्याच्या गावांतून एक दुचाकी हळूहळू फिरताना दिसते. मागे दोरीने बांधलेले प्लास्टिकचे टब, बादल्या, डबे. पुढे हँडलला अडकवलेला छोटा भोंगा. भोंग्यातून एकच ध्वनिमुद्रित वाक्य येत राहते : जुना, तुटका, बंद पडलेला मोबाइल द्या आणि बादली घेऊन जा. जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीचा हा नवा अवतार. बोहारणीशी घासाघीस करण्याची सवय असलेल्या घरांना हा सौदाही फायद्याचाच वाटतो. अडगळ गेली, बादली आली. मात्र साडी आणि मोबाइल यांत एक मोठा फरक आहे. साडी दिल्यावर देणाऱ्याचे नाव तिच्यासोबत जात नाही. मोबाइलसोबत ते जाते.

जुलै २०२४ मध्ये तेलंगणातील रामगुंडमच्या सायबर गुन्हे पोलिसांनी गोदावरीखनी परिसरात तिघा जणांना पकडले. त्यांच्याजवळ पोत्यांत भरलेले सुमारे ४ हजार जुने मोबाइल सापडले. गावोगाव फिरून, किरकोळ मोबदला देऊन गोळा केलेले हे फोन झारखंडमधील जामताडा, देवघर या भागांतील ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना पुरवले जाणार होते, असे पोलिसांनी सांगितले. रामगुंडम महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही, आणि भोंग्यावरची घोषणा तर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू येते. अशा टोळ्यांना जुना फोन का हवा असतो, हे समजणे अवघड नाही. प्रत्येक मोबाइलला पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो, तो ‘आयएमईआय’ या नावाने ओळखला जातो. फसवणुकीत वापरलेल्या फोनचा माग काढताना तपास यंत्रणा या क्रमांकावरून मागे मागे जातात आणि त्या फोनमध्ये पूर्वी ज्याचे सिमकार्ड होते, त्याच्या दारात पोहोचू शकतात. बादली घेतलेल्या घराकडे तेव्हा ना पावती असते, ना घेणाऱ्याचे नाव.

भोंगा लावून फिरणारा प्रत्येक जण गुन्हेगारांचा हस्तक असतो, असे समजण्याचे अर्थातच कारण नाही. अनेक जण केवळ पोटासाठी हिंडत असतात आणि त्यांनी गोळा केलेला माल भंगाराच्या बाजारात जातो. तिथेही त्याचे जे होते ते फारसे बरे नसते, त्याविषयी पुढे येईलच. जुन्या मोबाइलची विल्हेवाट जबाबदारीने लावायची म्हणजे तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, एवढ्यापुरते हे प्रकरण मर्यादित नाही. तो फोन यापुढे कोणाच्या हाती जाणार हे माहीत असणे, त्या हातात देण्यापूर्वी तो रिकामा करणे आणि दिल्याचा पुरावा ठेवणे, असे या कामाचे तीन भाग आहेत. शहरी घरांत सहसा तिन्ही टाळले जातात आणि फोन कपाटात जातो.

कपाटातला साठा

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळात आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. ‘इनकमिंग फ्री’ झाले ते २००३ मध्ये. हँडसेट ही तेव्हा जपून वापरायची, दुरुस्त करून पुन्हा वापरायची वस्तू होती. पुढच्या वीस-बावीस वर्षांत ती दोन-तीन वर्षांनी बदलायची वस्तू झाली आणि घरोघरी एक ड्रॉवर तयार झाला. बटणांचा एक, पहिला टचस्क्रीनचा एक, काच फुटलेला एक, चार्जिंगच होत नाही असा एक. शिवाय कोणता कशाचा हे कोणालाच न आठवणाऱ्या चार्जरांचे भेंडोळे.

हे केवळ आपल्याकडचे चित्र नव्हे. ‘नोकिया’ कंपनीने २००८ मध्ये भारतासह १३ देशांतील ६,५०० लोकांची पाहणी केली होती. आपला जुना फोन पुनर्प्रक्रियेसाठी दिल्याचे सांगणारे त्यात अवघे ३ टक्के निघाले. ४४ टक्के लोकांचे जुने फोन घरातच पडून होते. कचऱ्यात फेकणारे ४ टक्के होते. म्हणजे अडचण फेकून देण्याची कमी आणि साठवून ठेवण्याची जास्त आहे. त्यानंतर फोनची संख्या प्रचंड वाढली. विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावर काम करणाऱ्या ‘वी फोरम’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ या एका वर्षात जगभरात ५३० कोटी मोबाइल वापरातून बाद होतील, असा अंदाज बांधला होता.

फोन ठेवून देण्यामागे केवळ आळस नसतो. त्यात मुलांची छायाचित्रे असतात, एखाद्या गेलेल्या माणसाचा आवाज असतो, ते दुसऱ्याच्या हाती जाण्याची धास्ती असते. आणि ‘असू दे, अडीनडीला उपयोगी पडेल’ हा मध्यमवर्गीय मंत्र तर असतोच. पण फोन म्हणजे पितळेचे पातेले नव्हे. ठेवून दिल्याने त्याची किंमत महिन्यागणिक उतरते. कंपनी सुरक्षाविषयक सुधारणा पाठवणे थांबवते आणि एक दिवस बँकेचे अॅपही त्यावर चालेनासे होते. आज ज्या फोनवर एखादी विद्यार्थिनी आणखी तीन वर्षे अभ्यास करू शकली असती, तो तीन वर्षांनी केवळ भंगाराच्या मोलाचा उरतो. त्यातली बॅटरीही स्वस्थ बसत नाही. वर्षानुवर्षे चार्ज न केलेली लिथियम-आयन बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी कपड्यांच्या कपाटात असणे हे कोणालाच परवडणारे नाही.

आधी वापर, मग विल्हेवाट

स्मार्टफोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश वाटा तो वापरताना नव्हे, तर तयार होताना खर्ची पडलेला असतो. खाणीतून धातू काढणे, चिप घडवणे आणि देशोदेशीचे सुटे भाग एकत्र आणणे यातच तो संपतो. त्यामुळे आहे तोच फोन आणखी दोन वर्षे वापरणे हा विल्हेवाटीचा पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. ‘फोन स्लो झाला’ अशी तक्रार घेऊन नवा फोन पाहायला निघालेल्या अनेकांचे काम नवी बॅटरी बसवून आणि मेमरी मोकळी करून भागते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल हा त्यातील चार प्रमुख क्षेत्रांपैकी एक क्षेत्राचा भाग आहे. सुटे भाग, हमी आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रे यांची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी, हा त्यामागील हेतू.

घरातल्या घरात फोन पुढे देण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना आईकडे, आईचा गावी आजोबांकडे. तीत एक धोका आहे. ज्या फोनला सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे बंद झाले आहे, तो बोलण्यासाठी, गाणी ऐकण्यासाठी किंवा गजरासाठी ठीक. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. नेमके उलट घडते. घरातील सर्वांत जुना फोन सर्वांत वयस्कर माणसाकडे जातो आणि निवृत्तिवेतनाचे खाते त्याच फोनला जोडलेले असते. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला फोन देतानाही तो चार्जरसह, चालू स्थितीत आणि जुन्या मालकाचे खाते काढून द्यावा. नाहीतर ते दान पुढच्या चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन अडकते.

फोन रिकामा करणे

विल्हेवाटीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. छायाचित्रे आणि संदेश हाताने पुसले की फोन कोरा झाला, असा समज असतो. वास्तविक पुसलेली माहिती बहुधा जागेवरच राहते. फोन फक्त ती जागा पुन्हा वापरायला मोकळी आहे अशी नोंद करतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून पाने जात नाहीत, तसेच हे. म्हणून ‘फॅक्टरी रीसेट’ करणे आवश्यक ठरते. पण जुन्या फोनांत तेही पुरेसे नव्हते. केंब्रिज विद्यापीठातील संगणक सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५ मध्ये पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले. रीसेट केल्यानंतरही त्यांतून संदेश, छायाचित्रे, इतकेच नव्हे तर गुगल खात्यात शिरण्यासाठी लागणाऱ्या खुणाही परत मिळवता आल्या.

नव्या फोनांत हा धोका बराच कमी झाला आहे, कारण त्यांत माहिती मुळातच सांकेतिक स्वरूपात साठवली जाते. या पद्धतीला ‘एन्क्रिप्शन’ म्हणतात. रीसेट करताना त्या संकेताची किल्लीच नष्ट होते; कुलूपबंद पेटी उरली तरी ती उघडता येत नाही. आयफोनमध्ये ही सोय आधीपासून आहे. अँड्रॉइडच्या २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या फोनांत ती आपोआप चालू असते. त्याहून जुना फोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन आधी चालू करावे, मग रीसेट करावे. रीसेट झाल्यावर छताचे किंवा भिंतीचे लांबलचक चित्रीकरण करून मेमरी पूर्ण भरावी आणि पुन्हा एकदा रीसेट करावे, हा घरगुती उपायही उपयोगी पडतो.

यात क्रमाला महत्त्व आहे. छायाचित्रे, संपर्क क्रमांक आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेणे हे पहिले काम. ती खरोखर उतरली आहेत ना, हे नव्या फोनवर उघडून पाहणे हे दुसरे. व्हॉट्सअॅप नव्या फोनवर सुरू केले की जुन्या फोनवरचे बंद होते, पण तोवरचे संभाषण जुन्या फोनच्या मेमरीत तसेच राहते. यूपीआय आणि बँकांच्या अॅपमधून बाहेर पडून त्या फोनची नोंद रद्द करावी. सांकेतिक क्रमांक तयार करणारे ‘ऑथेंटिकेटर’ अॅप असेल तर ते नव्या फोनवर हलवल्याशिवाय जुन्याला हात लावू नये. नाहीतर आपल्याच ई-मेलच्या दाराशी आपण ताटकळत उभे राहतो. त्यानंतर गुगल किंवा अॅपलचे खाते फोनमधून काढावे, आयफोनमधील ‘फाइंड माय’ बंद करावे आणि मगच रीसेट करावे. खाते न काढता रीसेट केले तर चोरीला आळा घालण्यासाठी केलेले कुलूप तसेच राहते. नव्या मालकाला जुन्या मालकाचा पासवर्ड विचारला जातो आणि उत्तम चालणारा फोन केवळ त्या कुलपापायी सुट्या भागांच्या भावाने विकला जातो. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यायला विसरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. पण भंगारातून आलेल्या फोनांत ती सापडतात.

पडदाच उजळत नसलेल्या फोनचे काय करायचे? अशा फोनमधली माहिती शाबूत असते, फक्त ती दिसत नाही. शक्य असेल तर दुरुस्तीवाल्याकडे आपल्यासमोर तात्पुरता पडदा जोडून घेऊन रीसेट करावे. ते जमत नसेल तर असा फोन विकू नये, कोणाला देऊ नये. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावा आणि माहिती नष्ट केल्याचे लेखी घ्यावे. संतापाच्या भरात हातोडी उचलण्याचा मोह काहींना होतो. आत बॅटरी असताना तो आवरलेला बरा.

घरातील एखादी व्यक्ती निवर्तल्यानंतर तिच्या फोनचा प्रश्न वेगळाच असतो. दुःखात कोणी तो तसाच ठेवून देते, कोणी आठवण नको म्हणून देऊन टाकते. त्या क्रमांकावर बँका, विमा, निवृत्तिवेतन आणि आधार यांचे संदेश येत असतात. वारसांची कागदोपत्री कामे पुरी होईपर्यंत तो फोन आणि ते सिमकार्ड चालू ठेवावे, आवाजाच्या आणि छायाचित्रांच्या प्रती काढाव्यात आणि नंतरच तो फोन रिकामा करावा.

फोन विकायचा असेल तर वर सांगितलेला पंधरा अंकी क्रमांक आधी टिपून ठेवावा. फोनच्या कीपॅडवर तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की तो पडद्यावर येतो. विकत घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि हा क्रमांक असलेली साधी पावती दोघांच्या सहीने करावी. फोनचे बिल द्यायचे झाल्यास त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. जुना फोन घेणाऱ्यानेही तो चोरीचा किंवा रोखलेला नाही ना, हे तपासावे. हरवलेले फोन रोखण्याची केंद्रीय नोंदवही मुंबईतून महाराष्ट्रासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मे २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ती देशभरासाठी खुली झाली. क्रमांक टाकताच त्या फोनची स्थिती तिथे कळते.

पोटातले सोने

वापराच्या पलीकडे गेलेल्या फोनसाठी भंगारवाला पैसे का मोजतो? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये त्या काळच्या मोबाइलमधील धातूंचा हिशेब मांडला होता. बॅटरी वगळता ११३ ग्रॅमच्या सरासरी हँडसेटमध्ये १६ ग्रॅम तांबे, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०३४ ग्रॅम सोने आणि ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम असे. म्हणजे एक ग्रॅम सोन्यासाठी सुमारे तीस फोन लागतात. एकेका फोनकडे पाहिले तर ही चिमूट नगण्य वाटते. परंतु असे टनभर फोन घेतले तर त्यांत जवळपास ३०० ग्रॅम सोने भरते, आणि सोन्याच्या खाणीतील टनभर दगडातून हाती लागते ते काही ग्रॅम. टोकियो ऑलिम्पिकच्या संयोजकांनी हेच जगाला दाखवून दिले. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत जपानी नागरिकांकडून ७८,९८५ टन लहान विद्युत उपकरणे आणि सुमारे ६२ लाख १० हजार मोबाइल गोळा करण्यात आले. त्यांतून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले. २०२१ मध्ये खेळाडूंच्या गळ्यात पडलेली पदके त्याची होती. नीरज चोप्राचे सुवर्णपदकही त्यात आले.

तेच सोने दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबादमध्ये वेगळ्या रीतीने काढले गेले आहे. चिपा सुट्या करण्यासाठी सर्किट बोर्ड विस्तवावर किंवा गरम तव्यावर धरायचे, मग बोर्ड ॲसिडच्या टबात बुडवायचे, उरलेले जाळायचे. ही कामे करणाऱ्यांत बायका आणि मुलेही असत. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे असते, प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळलेली असतात आणि ते जाळले की डायॉक्सिनसारखे अतिविषारी वायू निघतात. वापरून झालेले ॲसिड गटारात जाते. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी या राखेचे ढीग साचले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. एवढे करूनही धातूंचा मोठा हिस्सा वाया जातोच, कारण परातीत आणि टबात तांबे-सोन्यापलीकडचे फारसे काही हाती लागत नाही. बेल्जियममधील होबोकेन येथील कारखान्यात याच बोर्डांतून १७ धातू वेगळे काढले जातात आणि भट्टीतून निघणारे वायू शुद्ध करूनच बाहेर सोडले जातात. भारतात सुटे केलेले बोर्ड अनेक वर्षे अशा परदेशी कारखान्यांकडे पाठवले गेले. आता देशातच हे काम व्हावे, यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ई-कचरा आणि वापरलेल्या बॅटऱ्यांतून दुर्मीळ खनिजे मिळवणाऱ्या उद्योगांकरिता १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

या सगळ्यात भंगारवाल्याला खलनायक ठरवणे सोपे आणि चुकीचे आहे. दारोदार जाऊन वस्तू गोळा करणे, त्यातले चालणारे आणि न चालणारे वेगळे करणे, सुटा भाग वाया न घालवणे यात त्याच्याइतके कुशल कोणी नाही. कोणतीही कंपनी आपला माणूस प्रत्येक घरी पाठवू शकत नाही. धोका सुरू होतो तो गोळा करण्याच्या पुढच्या टप्प्यावर, ॲसिडच्या टबापाशी. पुण्यात १९९३ पासून संघटित असलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने कचरावेचकांचे कौशल्य आणि अधिकृत व्यवस्था यांची सांगड घालता येते, हे दाखवले आहे. तिथे वस्तू कोण नेते आणि ती पुढे कुठे जाते, हे विचारता येते. भोंगेवाल्याला ते विचारता येत नाही.

बॅटरीचा स्वभाव

मोबाइल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये याचे सर्वांत तातडीचे कारण त्याची बॅटरी आहे. लिथियम-आयन बॅटरीत दोन थरांमध्ये कागदाहून पातळ पडदा असतो. बॅटरी चिरडली, वाकली किंवा तिला भोक पडले की हे थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढते आणि वाढलेली उष्णता आणखी उष्णता निर्माण करते. पालिकेच्या गाडीत कचरा दाबला जातो, तेव्हा नेमके हेच घडू शकते. त्या गाडीमागे उभा राहून कचरा चढवणाऱ्या कामगाराचा विचार घरातला डबा बाहेर ठेवताना सहसा होत नाही.

फोनचे मागचे झाकण उचललेले दिसत असेल किंवा पडदा कडेने सुटत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन चार्ज करू नये, झाकण दाबून बसवू नये आणि हवा काढण्यासाठी सुई तर मुळीच टोचू नये. तो बंद करून, कापड-कागदापासून दूर, धातूच्या डब्यात किंवा कुंडीतल्या कोरड्या वाळूत ठेवावा आणि त्याच दिवशी दुरुस्ती केंद्रात न्यावा. जुन्या बटणांच्या फोनची बॅटरी सहज निघते. ती काढून तिच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि फोनसोबतच, पण वेगळ्या पिशवीत द्यावी. ज्या फोनची बॅटरी आत चिकटवलेली आहे, तो घरी उघडण्याच्या फंदात पडू नये. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

द्यायचा तो कोणाला?

ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम भारतात २०११ मध्ये तयार झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले. सध्याचे नियम २०२२ चे असून १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. पूर्वीच्या २१ ऐवजी आता १०६ प्रकारची उपकरणे त्यांच्या कक्षेत आहेत. नियमांचा गाभा एकच : ज्याने वस्तू बाजारात आणली, त्याने तिच्या शेवटाचीही सोय करावी. त्यासाठी उत्पादकांना उद्दिष्टे ठरवून दिली आहेत : २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. उत्पादक ही पूर्तता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन करतात. प्रमाणपत्र मिळते ते सोने, तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम या चार धातूंच्या हिशेबावर. घरगुती ग्राहकाकडून या नियमांत फार अपेक्षा नाहीत. किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या कार्यालयांवर आणि संस्थांवर मात्र ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच देण्याचे बंधन आहे.

ग्राहकापुढचे मार्ग मोजकेच आहेत. फोन ज्या कंपनीचा आहे तिचे सर्व्हिस सेंटर हा पहिला. जुने फोन परत घेण्याची सोय बऱ्याच मोठ्या कंपन्या देतात आणि संकेतस्थळावर तिची माहिती असते. चालू स्थितीतल्या फोनसाठी दुकानातील अदलाबदलीची योजना किंवा जुने फोन विकत घेऊन नीट करणाऱ्या कंपन्या हा दुसरा. संकेतस्थळावर दाखवलेली किंमत दारात आलेला माणूस ओरखडे मोजून कमी करतो, हे गृहीत धरूनच तिथे जावे. बंद पडलेल्या फोनसाठी तिसरा मार्ग नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगाचा. त्यांची राज्यवार यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा संकेतस्थळावर मिळते.

इथे एक खरी अडचण आहे, ती नियमांनी अजून सुटलेली नाही. भोंगेवाला दारात येतो आणि बादली देतो. नोंदणीकृत उद्योग शहराबाहेर असतो आणि एका फोनसाठी त्याची गाडी येत नाही. आली तरी मोबदला किरकोळ असतो. सांडपाण्यावर प्रक्रिया, कामगारांची सुरक्षा, परवाने यांचा खर्च त्याला असतो, ॲसिडच्या टबाला तो नसतो. या दोघांतील दरी बुजावी म्हणून २०२४ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांनी पुनर्प्रक्रियेसाठी द्यावयाचा किमान दर ठरवला. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये, स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. हा दर फार आहे, असे म्हणत काही मोठ्या कंपन्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका किलोत पाच-सहा स्मार्टफोन बसतात. हजारो रुपयांना विकलेल्या फोनमागे पाच-सात रुपये जड व्हावेत, यावर ग्राहकाने काय म्हणावे!

एकेका घराला जे जमत नाही ते सोसायटीला जमते. कार्यालयात एक झाकणाचा खोका ठेवून तीन-चार महिन्यांतून एकदा, किंवा दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास, सर्वांचे फोन, चार्जर आणि इयरफोन एकत्र केले तर नोंदणीकृत उद्योगाची गाडी येणे परवडते. फुगलेल्या बॅटऱ्या या खोक्यात घेऊ नयेत आणि खोका कुलपात असावा, कारण त्यात लोकांची माहितीही असते. संकलन मोहीम एखाद्या स्वयंसेवी संस्थेची असेल तर माल पुढे कोणत्या उद्योगाकडे जाणार त्याचे नाव विचारावे आणि ते मंडळाच्या यादीत आहे का, हे आधीच पाहावे. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर खोका परत आत न्यावा. गाडी आलीच तर फोनची संख्या आणि वजन लिहिलेली पावती सचिवांनी मागून घ्यावी; ज्या फोनचे क्रमांक टिपून ठेवले आहेत त्यांची यादी त्याच पावतीला जोडून फायलीत लावावी.